नदीपर्यंतची गोष्ट

फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, बेडोकच्या मार्केटात पालक निवडत होते. नंबर श्रीधररावांचा, म्हणजे वसुधाताईंच्या यजमानांचा. सकाळी साडेसातला ते कधी फोन करत नाहीत, त्यामुळे उचलण्याआधीच मला कळलं. "वसू पहाटे गेली," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "तिच्या चपला तुमच्याच दारात राहिल्यात ना? राहू देत तिथेच..." घरी आले तर दाराबाहेरच्या शू-रॅकवर खालच्या फळीवर होत्याच त्या, निळ्या पट्ट्यांच्या, टाचेला झिजलेल्या रबरी चपला. महिन्यापूर्वी वसुधाताई आमच्याकडे शेवटच्या आल्या, तेव्हा निघताना पाय इतके सुजले होते की चपला चढेनात. व्हीलचेअरवर अनवाणीच गेल्या. "पुढच्या वेळी नेईन," म्हणाल्या. या बाईंनी कबूल केलेलं काम टाळल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे मीही त्यावर विश्वास ठेवला.

वसुधाताई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे यिशुनच्या फ्लॅटमध्ये येऊन पडल्या आणि इथल्या एका संशोधन प्रकल्पातून उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कथेकऱ्यांपर्यंत पोचल्या. पुढची वीसेक वर्षं दरवर्षी तिकडचा पाऊस ओसरला की त्या बॅग भरायच्या. "तिकडचं डार्विन शहर मला पुण्यापेक्षा जवळ आहे," असं म्हणायच्या, आणि ते विमानाच्या तासांपुरतंच खरं नव्हतं. तिथल्या एका वृद्ध गोष्टकरणीने त्यांना धाकटी बहीण मानलं होतं, म्हणून त्या तिला आमच्याजवळ अक्का म्हणत. अक्काच्या माणसांत अख्खी गोष्ट कुणा एकाची नसते. ती जमिनीवरून चालत जाते, आणि ज्यांची जमीन त्यांचा तेवढा भाग. अक्काची हद्द एका नदीपर्यंत. नदी आली की अक्का पायांत चपला सरकवून उठायची. पुढचं पलीकडच्या लोकांनी सांगायचं. वसुधाताईंनी ऐकलं होतं दोन्हीकडचं, पण सांगायची परवानगी मिळाली ती एकाच गोष्टीची, तीही नदीपर्यंत, आणि त्यासाठी त्यांनी नऊ वर्षं अक्काच्या शेजारी मातीत बैठक मारली होती.

आता माझी चूक सांगते. बारा वर्षांपूर्वी इथल्या आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मुलांच्या कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती. जादूचे प्रयोग दोनदा झाले होते, फॅन्सी ड्रेसचा सगळ्यांना वीट आला होता. मी हात धुऊन वसुधाताईंच्या मागे लागले. त्या नाही म्हणत होत्या. "मुलांना शेवट लागतो गं, आणि माझ्याकडे शेवट नाही." मी हसण्यावारी नेलं. शेवटी त्या आल्या, हॉलमध्ये चपला काढून खाली बसल्या, साठ-सत्तर पोरं भोवती. मी आत मोदकांच्या ताटांशी झगडत होते, त्यामुळे एक अक्षर ऐकलं नाही. नंतर कळलं ते असं, की नदी आली, त्या थांबल्या, आणि पोरांनी गिल्ला केला. पाठीमागून आयाबापांनीही "अहो, अर्धवट काय ठेवता" म्हणून आग्रह धरला. आपल्याकडे गोष्ट संपल्याशिवाय कुणी उठू देत नाही. वसुधाताई त्या चेहऱ्यांना भुलल्या आणि नदी ओलांडून गेल्या. माझ्या नवऱ्याने व्हिडिओ घेतला होता. मी तो न बघताच ग्रुपवर टाकला, वर टाळ्यांची चित्रं लावून.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. त्यांच्या एका सहकाऱ्याने म्हणे समजूत घातली होती, सिंगापूरच्या हॉलमध्ये मराठीत काय बोललात ते नदीपलीकडे कुणाला कळणार आहे? "कुणाला कळणार नाही हे खरंय," वसुधाताई मला म्हणाल्या, "पण मला अक्काच्या समोर बसायचंय ना." त्या आठवड्यातच विमानाने गेल्या आणि तिला सगळं सांगून टाकलं. अक्का रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं, असं त्या म्हणत. ती एवढंच म्हणाली, "आता मला नदीपलीकडे जाऊन सांगावं लागेल, की माझ्या बहिणीने तुमचं सांडलं. मी तिकडे जाते. तू तुझ्या गावी जा आणि सांडलंय ते गोळा करून आण."

आणि या बाई खरोखरच गोळा करायला निघाल्या! माझ्याकडून त्या दिवशीची यादी घेतली, छत्तीस घरांची. शनिवार-रविवार एमआरटीची मेट्रो, नाहीतर बस, दुखरा गुडघा आणि पिशवीत पाण्याची बाटली. हौगांग झालं, यिशुन झालं, नदीकाठचे उंची कॉन्डो झाले. माझ्यामुळे झालेला घोळ म्हणून मी बरोबर जाई. दारात त्या एकच वाक्य म्हणायच्या, "तुमच्या मुलांना मी एक गोष्ट दिली होती, तिचा पुढचा भाग माझा नव्हता, तो परत न्यायला आलेय." लोकांना वाटे, थट्टा चालली आहे. पोहे पुढे येत, चहा येई. एक बँकवाले गृहस्थ म्हणाले, "अहो मावशी, पोरं विसरलीसुद्धा असतील!" "विसरली असतील तर तेही त्यांच्याच तोंडून ऐकते," म्हणून त्यांनी तिथेच बैठक मारली. आधी व्हिडिओ पुसायला लावायचा, मग प्रत्येक मुलाशी एकटीने बोलायचं. मला शरमेने मेल्यासारखं होई. त्यांना मात्र शरम कसली ती नव्हती. एक कुटुंब बदलीवर पुण्याला परतलं होतं. दिवाळीत त्या तिकडेही जाऊन आल्या.

आमचं घर यादीत शेवटचं. व्हिडिओ मी कधीच पुसला होता, तोही न बघता. पण आमची इरा तेव्हा आठ वर्षांची होती आणि वाद घालण्यात पटाईत. ती सोफ्यावर मांडी घालून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आँटी, आय ऑलरेडी नो व्हॉट हॅपन्स, लाह! हाउ टू गिव्ह बॅक?" मी डोळे वटारले. वसुधाताई मात्र इतक्या खूश झाल्या! "छत्तीस घरांत हा प्रश्न हिनेच विचारला बघ," त्या मला म्हणाल्या. मग इरासमोर जमिनीवर बसल्या. "नाहीच देता येत, बाळा. म्हणून ती तुझ्याजवळ ठेव. पण ती तुझी नाही. कुणाला सांगावीशी वाटली तर नदीपर्यंत सांग. तेवढी मी अक्काला विचारून देते." इराने बराच विचार केला आणि म्हणाली, "ओके. टिल रिव्हर ओन्ली."

याची किंमत वसुधाताईंनी पुरेपूर मोजली. त्यांचं पुस्तक तयार होतं, प्रकाशक थांबला होता. नदीपलीकडच्यांचा निरोप येईपर्यंत एक ओळ छापायची नाही, असं त्यांनी कळवून टाकलं. प्रकल्पाचा करार संपला, तो पुढे वाढला नाही. दोन वर्षं त्या स्वखर्चाने जात राहिल्या, पण रेकॉर्डरला हात न लावता. पाणी आणायचं, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं आणि लांब बसायचं. तिसऱ्या वर्षी अक्काने स्वतः रेकॉर्डर त्यांच्या मांडीवर ठेवला. तेव्हापासूनचं सगळं ध्वनिमुद्रण अक्काच्या गावातल्या छोट्या संग्रहालयात आहे, काय उघडायचं आणि काय मिटून ठेवायचं ते तिथली माणसं ठरवतात. पुस्तक काही निघालं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "एवढं आयुष्य घातलंत, आणि हातात काय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, मला तिथे अजून बसू देतात." मला तेव्हा ते उत्तर फार अपुरं वाटलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर यिशुनच्या त्यांच्या घरी आम्ही जमलो. त्या हॉलमधली बरीच पोरं आली होती, आता दाढीमिशा आलेली, नोकरीला लागलेली. कुणीतरी म्हणालं, वसुधाताईंचा आवाज ऐकायला हवा होता, गणपतीतली ती गोष्ट कुणाकडे असेल ना? फोन निघाले, जुने फोल्डर उघडले गेले... कुणाकडेच नव्हती. एकाकडेही नाही. श्रीधरराव खुर्चीत बसून हे बघत होते, आणि मला दिसलं की त्यांचे डोळे भरलेत आणि ते हसताहेत. मलाही रडू आवरलं नाही. छत्तीस घरांत सांडलेलं खरंच गोळा झालं होतं.

तेवढ्यात इरा उठली. येताना तिने घरून एक पिशवी घेतली होती, ती मला दाखवली नव्हती. पिशवीतून तिने त्या निळ्या चपला काढल्या, शेजारी ठेवल्या आणि जमिनीवर बसून मोडक्यातोडक्या मराठीत गोष्ट सुरू केली. बारा वर्षांत मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. इथे ती लिहीत नाही, ती बसून सांगायची आहे. पण इरा छान सांगत होती. पक्षी आला, वाळू तापली, आणि मग नदी आली.

"मग पुढे?" कुणीतरी विचारलं. तो आवाज माझाच होता.

भोवतालच्या पोरांना पुढचं सगळं ठाऊक होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. इराने माझ्याकडे पाहिलं, निळ्या चपलांमध्ये पाय सरकवले आणि उठून उभी राहिली.