कोचीच्या धक्क्यावर साडेतीन

कांबळे सिस्टर कोचीच्या बंदरात परत आल्या तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी शहाळं पीत होतो. माझ्या चाळीसपैकी एकोणचाळीस प्रवासी अजून बाजारात होते. सिस्टर लवकर आल्या याचं मला काही वाटलं नाही. पण त्या गेटवर थांबायचं सोडून सरळ जहाजाच्या शिडीजवळ गेल्या आणि तिथल्या पाटीखाली उभ्या राहिल्या. शहाळ्याचं पाणी माझ्या नाकातून बाहेर आलं.

त्या पाटीवर 'ऑल अबोर्ड'ची वेळ लिहिलेली असते. म्हणजे शेवटच्या प्रवाशाने जहाजावर चढायची वेळ. पाटीवर होतं साडेपाच. मी ग्रुपला सांगितलं होतं साडेतीन.

याला आमच्या धंद्यात कुशन म्हणतात. मी टूर मॅनेजर आहे. ओळखपत्रं, गोळ्या, रुसवे आणि डोकी सांभाळणं हे माझं काम. लोक उशिरा येतात, म्हणून आम्ही खरी वेळ सांगत नाही, थोडी अलीकडची सांगतो. पुण्याच्या ग्रुपला अर्धा तास कुशन पुरतं. नांदेड-लातूरच्या ग्रुपला मी एक तास ठेवायचो. मी स्वतः लातूरजवळच्या औशाचा, त्यामुळे हा हिशोब करायचा हक्क मला जन्मतःच मिळालाय असं मी समजायचो. ऑफिसात नव्या पोरांना मी कुशनवर अभिनयासकट व्याख्यान देत असे.

या टूरला मात्र मी दोन तासांचं कुशन ठेवलं होतं. कारण आदल्या बंदरात, गोव्याला, नायगावचे माधवराव पाटील आणि त्यांच्या मंडळी काजू घेत बसले आणि शिडी उचलायच्या बेतात असताना रमतगमत आले. मालकांनी लातूरहून फोनवर माझी खरडपट्टी काढली होती.

ते वर्ष दुष्काळाचं. लातूरला पाणी रेल्वेने येत होतं. पाण्याला महाग झालेली माणसं पैसे देऊन पाण्यावर फिरायला निघाली, असा विनोद मी मुंबईत जहाज सुटल्या सुटल्या केला होता. सगळे हसले होते. सिस्टर हसल्या नव्हत्या.

सिस्टर कंधारच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून रिटायर झालेल्या. बुकिंगच्या दिवशीच त्यांनी मला सांगितलं होतं, "साहेब, मला गोवा-बिवा काही पाह्यचं न्हाई. मला फक्त कोचीला उतरायचंय."

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्यांची बदली तिथल्या दवाखान्यात झाली होती. दारावरच्या पाटीवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव, उस्मानाबादच होतं. वॉर्डात दोनच नर्सा. एक या, दुसरी केरळची अम्मिणी. दोघी एका खोलीत राहायच्या. सिस्टरांचं बाळंतपण अम्मिणीने केलं. अम्मिणीच्या लग्नाला इकडे कुणी नव्हतं, तेव्हा मुलीकडचं माणूस म्हणून सिस्टर उभ्या राहिल्या. पुढे अम्मिणी गावी परत गेली. तीस वर्षांत भेट नाही. आता तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस चालू होतं.

आमचं जहाज कोचीला लागलं तो नेमका डायलिसिसचा दिवस. सकाळी नाश्त्याला सिस्टर माझ्याजवळ आल्या.

"साहेब, ती अडीचला घरी येतीय. तिचं घर इथून तासभर लांब. मला साडेचारपर्यंत सवड मिळंल का?"

खरं म्हणजे आरामात मिळत होती. पण बाजूच्या टेबलावर माधवराव बसले होते. त्यांनी कान टवकारले होते. एकाला सूट दिली की चाळीस जणांना द्यावी लागते.

"नाही सिस्टर," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "साडेतीन म्हणजे साडेतीन. जहाज कुणाच्या बापासाठी थांबत नाही." वाक्य झाल्यावर हातही उंचावला. मला वाक्याबरोबर हात लागतो.

"हाव," त्या म्हणाल्या. "नियम हाय, तर पाळावा लागंल."

आणि आता त्या पाटीखाली उभ्या होत्या. नर्सच त्या, इंग्रजी वाचता येत होतं. मी धावत गेलो.

"झाली भेट, सिस्टर?"

"घरी थांबले असते तर वेळ झाला असता. म्हणून सरळ दवाखान्यात गेले. डायलिसिस चालू असताना आत सोडत न्हाईत. दारच्या काचेतून पाह्यलं. तिनं मोकळा हात वर केला. दोन वाजले, मंग निघाले."

"अहो, तुम्ही नर्स होता म्हणून सांगायचं. सोडलं असतं आत."

"मी माझ्या वॉर्डात कुणाला सोडलं न्हाई. तिच्या वॉर्डात कसं घुसू?"

मग त्यांनी पाटीकडे बोट केलं. "हे साडेपाच कामून लिहिलंय?"

गेली वीस वर्षं मी उत्तरं देऊन पोट भरतोय. व्हिसा नाकारला, बस बिघडली, जेवणात केस निघाला, माझ्याकडे उत्तर असतं. त्या दिवशी मी खरं ते सांगितलं. कुशन, गोवा, काजू, सगळं.

मग मी म्हणालो, "आत्ता टॅक्सी करून देतो. ती घरी आली असेल. जा."

"आता तीन वीस. जायला तास, यायला तास. ट्रॅफिक लागली तर?"

मी मालकांना फोन लावला. जहाजाला दहा मिनिटं थांबवता येईल का, एवढंच विचारायचं होतं.

"तू पिऊन बोलून राहिला का?" मालक म्हणाले. "तीन हजार लोकांचं जहाज तुझ्या एका बाईसाठी थांबतंय? आणि ती राहिली मागं, तर तिला घरी कोण आणणार, तुझा सासरा?"

सिस्टरांना फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "मघाशी वेळ होता. आता खरंच न्हाई."

त्या बाकावर बसल्या. मीही बसलो. ऊन कलत होतं. त्यांनी विचारलं, "साहेब, आपल्या लोकांना तुम्ही दोन तास उशिराचं समजता?"

"अनुभव आहे, सिस्टर."

"आमच्या गल्लीत टँकर येतोय. येईल तवा येतोय. पण एक बाई उशिरा आलेली मी पाह्यली न्हाई. ज्या गोष्टीचं खरंच काम हाय, तिला माणूस वेळेच्या आधी येतंय. तुम्ही आम्हाला एकदा खरं सांगून तर पाह्यचं."

पाच वाजता माधवराव आले. दोन्ही हातांत केळ्याच्या वेफर्सच्या पिशव्या, डोक्यावर नवी टोपी. मागून त्यांच्या मंडळी आणि बाकीचा सगळा ग्रुप.

"काय मॅनेजर, चेहरा का पडला?" ते म्हणाले. "तुम्ही गोव्यात चार सांगितलं आन् जहाज पाचाला हललं, तवाच मी वळखलं. आज म्हनलं, काल आपण उशीर केला, म्हणजे गडी आज दोन तास धरणार. झ्याक जेवलो, नावेत बसलो, मंडळीला साडी घेतली. तुमचं साडेतीन लई कामाला आलं बघा."

मागचा सगळा ग्रुप खदखदून हसला. माझ्यावरचा असा विनोद एरवी मीच पुढे चार जणांना रंगवून सांगितला असता. बाकावर सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी माधवरावांच्या पिशव्या बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वॉर्डात एखाद्या पेशंटने गोळी गिळल्याचं सोंग करून ती उशीखाली ठेवल्याचं सापडल्यावर नर्स बघत असेल, तसं. आमच्या ग्रुपमध्ये ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांचा दिवस छान गेला होता. विश्वास ठेवणारी एकच होती.

जहाज सुटायच्या आधी अम्मिणीचा फोन आला. सिस्टर डेकच्या कठड्याशी उभ्या राहून हिंदीत बोलत होत्या. मी लांब उभा होतो, तरी एक वाक्य ऐकू आलं. "नहीं रे, किसी की गलती नहीं, जहाज का टाइमही ऐसा था."

मला पुढे जाऊन फोन हातात घ्यावा आणि गलती कुणाची ते सांगावं असं वाटलं. मी नाही गेलो. लोकांसमोर जायला मला आयुष्यात कधी भीती वाटली नाही. त्या दहा पावलांची वाटली.

परतल्यावर मी मालकांना सांगितलं, आजपासून कुशन बंद. खरी वेळ सांगणार, आणि त्या वेळेला नसेल त्याला सोडून निघणार. ते म्हणाले, धंदा बुडेल. बुडाला नाही. पण पुढच्याच टूरला मी 'पाच म्हणजे पाच' सांगितलं, तर माधवरावांकडून कोचीची गोष्ट ऐकून आलेले उदगीरचे दोघे भाऊ सात धरून निघाले आणि खरोखर मागे राहिले. स्वतःच्या खर्चाने रेल्वेने आले. त्यांनी माझी तक्रार केली की मॅनेजरने आम्हाला खरी वेळ सांगून फसवलं.

ती तक्रार मालकांनी मला मोठ्याने वाचून दाखवली. मी म्हणालो, बरोबर आहे त्यांचं. वीस वर्षं मीच शिकवलंय.