अर्धा कोपर

खलिफा सिटीतल्या आमच्या घरात चित्रकलेतला जाणकार मीच. शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ए ग्रेड मिळाली होती, आणि ती मी अजून कोणाला विसरू दिलेली नाही.

मुलीने शाळेसाठी आईचं पोर्ट्रेट काढलं, तेव्हा मी चष्मा लावून ते तपासायला बसलो. चेहरा सपाट, नाकाखाली सावलीचा पत्ता नाही. गाऊनची फुलं पडद्याच्या फुलांत मिसळलेली. उजवा कोपर तर कागदाबाहेरच गेलेला.

"आईचा हात काय पार्किंगमध्ये राहिला?" मी म्हणालो.

"बाबा, दॅट्स द स्टाइल. म्युझियममध्ये आहे तसं. कम अँड सी ना."

"शनिवारी जाऊ, इन्शाल्ला."

इथे आखातात राहून हा शब्द टाळाटाळीसाठी वापरायला मी चांगलाच शिकलोय.

शनिवारी ती स्विमिंगला गेली आणि मी पेन्सिल घेऊन बसलो. नाकाच्या एका बाजूला, हनुवटीखाली झकास शेडिंग केलं. कडेला कागदाची पट्टी चिकटवून कोपर पुरा केला. सगळं अगदी मनापासून केलं, याचीच आता जास्त लाज वाटते. ती ओल्या केसांनी आली आणि चित्राकडे बघत राहिली.

"बाबा, इट वॉज फिनिश्ड," एवढंच म्हणाली.

"आता झालं फिनिश. खलास, सबमिट कर."

म्युझियमला गेलो ते दोन महिन्यांनी. तिनेच मला एका दालनात नेलं. एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच बाईचं पोर्ट्रेट होतं. चेहऱ्यावर सावली जवळजवळ नाहीच, झग्याची नक्षी मागच्या भिंतीत मिसळलेली, आणि कोपर चौकटीने सरळ कापलेला. शेजारी लाकडी ठशांची जपानी चित्रं लावली होती. अशी चित्रं पॅरिसला पोचली आणि ती बघून तिथले चित्रकार माणसं अशी सपाट, अशी कापून रंगवायला लागले, असं खाली लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. चौदा वर्षांच्या पोरीने हे पाहून, समजून घेऊन आईवर करून बघितलं होतं, आणि मी त्यावर माझी ए ग्रेड फासली होती.

"सॉरी गं," मी म्हणालो. "माझं चुकलं. मी हात लावायला नको होता."

"इट्स ओके, बाबा." तिने माझा दंड धरला. ती खरंच रागावलेली नव्हती. "मॅम लाइक्ड द शेडिंग. नाऊ आय डू इट इन ऑल माय पोर्ट्रेट्स."