तीनशे कातडी

आमच्या मजल्यावरचे ईश्वरकाका तीस वर्षं धारावीतल्या एका गोदामात कातड्यांना मीठ लावायचे. नुसतं बोट फिरवून सुरीचा काप कुठे लागलाय ते सांगायचे. गोदाम बंद पडल्यावर दर बकरी ईदला ते मीरा रोडमध्ये घरोघरची कातडी गोळा करून, मीठ लावून धारावीच्या एका व्यापाऱ्याकडे पाठवायचे. वर्षाकाठी तेवढंच काम उरलं होतं.

मागच्या ईदला त्यांनी खाडीकाठच्या मोरवा गावाजवळ भाड्याच्या शेडमध्ये तीनशे कातडी आणली. मीठ लावणं निम्म्यावर आलं होतं, तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला.

"ईश्वरभाई, इस साल मत भेजो. सब रेक्झिन पे चले गये."

"माल आ गया है, सेठ."

"तो फेक दो."

काकांनी फोन खिशात ठेवला आणि पुढचं कातडं ओढलं.

डबा घेऊन आलेल्या ममताकाकू म्हणाल्या, "अहो, आता कशाला लावताय?"

"नाही लावलं तर सडतील."

आठवडाभर त्यांनी इतर व्यापाऱ्यांना विचारलं. कुणालाच नको होतं. शेवटी शेडवाल्याने कचऱ्याची गाडी बोलावली. काका एकेक कातडं उलगडायचे, बोट फिरवायचे, मग गाडीवाल्या लवूच्या हातात द्यायचे.

"काका, फेकायचीच आहेत ना?"

"हो," म्हणाले, आणि पुढचं उलगडलं.

एका काळ्या कातड्याला एकही काप नव्हता. ते त्यांनी बाजूला ठेवलं. शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेला जानू मच्छीमार उठून आला.

"दादा, ह्ये मना द्या. माजी ढोलकी फुटली हाय."

काकांनी जानूच्याच अंगणात ते धुऊन चुन्याच्या पाण्यात भिजवलं, केस खरवडले, ताणून सावलीत वाळवलं. पंधरा दिवसांनी ढोलकी तयार झाली. जानूने थाप मारली आणि हसला.

"कसा आवाज हाय, दादा?"

"बरा आहे," काका म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

घरी काकूंनी विचारलं, "वाईट वाटतंय का?"

काकांनी चपला कोपऱ्यात ठेवल्या. "काहीच वाटत नाही गं."

यंदा ईदच्या आधी नेहमीच्या घरांतून फोन आले. काकांनी सगळ्यांना एकच सांगितलं, "मी येत नाही. पुरून टाका. खड्डा कमरेएवढा खोल घ्या, नाहीतर कुत्री उकरतात."