अजून न खेळलेले

बर्फावरची हॉकी मी कधी पाहिलेली नाही. तरी दोन हजारच्या दशकात, आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी संगणक आला तेव्हा, त्या खेळातल्या कोवळ्या मुलांवर इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लेख असावा की नसावा, हे ठरवणाऱ्यांत मीही होते. हा ज्ञानकोश कुणीही लिहावा, कुणीही तपासावा असा. मोठ्या क्लबनं एखादा मुलगा निवडला की चाहते घाईनं त्याच्यावर लेख करत. नियम साधा होता. वरच्या लीगमध्ये एक तरी सामना खेळलेला हवा, नाहीतर वर्तमानपत्रांनी त्याच्याविषयी पुरेसं लिहिलेलं हवं. दोन्ही नसेल तर लेख काढायचा का याची चर्चा होई आणि तिच्यात एक ठरलेलं वाक्य पडे : ‘अजून लवकर आहे; खेळल्यावर लेख पुन्हा करता येईल.’ मीही ते पुष्कळदा लिहिलं. लिहिताना मागं कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटे. वळून बघायचं मी टाळत असे.

माझा धाकटा भाऊ गोलकीपर होता. आमच्याकडं फुटबॉलचे संघ पेठेपेठेतल्या कुस्तीच्या तालमींचे असतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या तालमीनं त्याला मोठ्या संघात घेतलं. हंगाम सुरू व्हायच्या आत कावीळ झाली आणि तो गेला. तालमीतली पोरं नवा शर्ट घेऊन आली आणि तिरडीवर ठेवण्याआधी तो त्याला घातला. त्या शर्टात मी त्याला तेवढंच पाहिलं. बाह्या लांब होत्या. कुणीतरी त्या नीट दुमडल्या.

पुढं एकदा चर्चेला असाच एक गोलकीपर आला. मोठ्या क्लबनं निवडलेला. पहिल्या सामन्याआधीच बर्फात गाडी घसरून गेलेला. त्याच्या लेखाखाली कुणीतरी सवयीनं तेच वाक्य टाकलं होतं. खेळल्यावर लेख पुन्हा करता येईल. मी ते वाचून तशीच बसले. आई शेजारी मेथी निवडत होती. काय झालं, म्हणून तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं.

‘खेळलाच न्हाय त्यो?’

‘निवडला होता. खेळला नाही.’

‘आपला तरी कुठं खेळलाता? तालमीनं शर्ट घातला की त्येला. मॅच किती खेळला म्हणून कुणी इचारलं न्हाय.’

मी म्हटलं, ते त्याला ओळखत होते. इथं कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून तर नियम.

‘मग वळख काढ की,’ ती म्हणाली आणि पुन्हा मेथीकडं वळली.

आमच्याकडं परक्या पाहुण्याचीही अशीच ओळख काढतात. गाव विचारायचं, मामा विचारायचा, कुठं तरी धागा लागतोच. मी त्या मुलाचं गाव शोधलं. तिथल्या लहानशा वर्तमानपत्रात त्याच्या मरणाची बातमी होती. खालच्या लीगमधल्या सामन्यांच्या वृत्तांतात कुठं कुठं नाव होतं, एखाद्या ओळीपुरतं. हातमोजे वाळवायला तो स्वयंपाकघरात टांगायचा, असं त्याच्या आईनं बातमीदाराला सांगितलं होतं. त्यापलीकडं काही मिळालं नाही.

सापडलेलं सगळं मी चर्चेत मांडलं आणि ते वाक्य मागं घ्यायची विनंती केली. लिहिणाऱ्यानं लगेच माफी मागून ते खोडलं. मग माझं मत द्यायचं राहिलं. ‘ठेवावा’ असं लिहिलं असतं तर ते माझ्या भावासाठी झालं असतं. या मुलासाठी माझ्या हाती एवढंच होतं आणि ते पुरेसं नव्हतं. ‘काढावा’ असं मी लिहिलं.

लेख गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं पान उघडायला गेले तर कोरी चौकट आली. आई मागं उभी होती. काय लिहिलंय, विचारलं तिनं.

मी वाचून दाखवलं, ‘या नावाचा लेख नाही. तुम्ही तो सुरू करू शकता.’

‘कर की मग,’ ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून शेजारी बसली.

मी काही लिहिलं नाही. ती मात्र बराच वेळ उठली नाही.