सुईला कळलेली भाकरी

भूकंपाला तीन महिने होत आले, तरी शरणम्मांच्या पायाखालची जमीन थांबायला तयार नव्हती. लातुरातलं त्यांचं घर शाबूत होतं. पण त्यांनी अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं ते हलवलंच.

"अव्वा, चल ना आत," त्यांचा मुलगा शिवमूर्ती म्हणायचा.

"सारखं हालतंय की रं. तुला कळत न्हाई."

शिवमूर्ती भौतिकशास्त्राची शिकवणी घ्यायचा. चाकूर-हदगावची पोरं बैठकीत मावेनात, इतकी गर्दी. पण पोरं गेली की तो यंत्राला भिडायचा. पुढचा भूकंप सांगणारं यंत्र नव्हे. आत्ता जमीन हलतेय की आईचं मन, एवढंच सांगणारं.

तारेच्या वेटोळ्यात चुंबक टांगला. जमीन थरथरली की तारेत मापकाची सुई हलवण्यापुरती इवलीशी वीज उमटायची. पण घरातल्या विजेची गुणगुण तिला गिळून टाकायची.

"दिव्याचं बटन दाबलं की नाचती तुझी सुई," खिडकीतून शरणम्मा म्हणाल्या. "नाचीच हाय."

टोमणा बरोबर बसला. शिवमूर्तीनं दोन ट्रान्झिस्टर समोरासमोर जोडले. दोघांना सारखंच ऐकू येईल ते सोडून द्यायचं, फरक तेवढा मोठा करायचा. बटण दाबलं, सुई गप्प! गडी टेबलाभोवती गिरक्या घेऊ लागला. पण गिरकी संपेपर्यंत सुई आपोआप कलू लागली. जोडी जुळत नव्हती. ढिगातून निवडून, मोजून जोड्या लावल्या, तरी तेच.

एका दुपारी चहाचा कप ठेवून त्यानं पुढचा ट्रान्झिस्टर उचलला आणि थबकला. बोटं गरम होती. मोजताना प्रत्येकाला तो बोटांत धरत होता; कुणी तापलेला, कुणी निवलेला. खरं माप मिळणार कसं? मग चिमट्यानं उचलून, निवू देऊन मोजले, आणि सापडली की जुळी भावंडं! तांब्याच्या तारेनं पाठीला पाठ लावून बांधली. तापायचं तर दोघांनी मिळून. वर वाटी पालथी घातली. विंगेत श्वास रोखून उभ्या राहिलेल्या नटासारखी सुई स्थिर झाली.

"बघ अव्वा, जमीन शांत हाय."

"गप बसायला काय? आंधळीबी गप बसती."

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुटली, बैठक रिकामी झाली, आणि सुई हलली. पुन्हा हलली. थांबली, परत सुरू. शिवमूर्ती सुईवर वाकला. पण भूकंप कधी ठेका धरतो का? तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

आत, चुलीपुढं, भूकंपानंतर पहिल्यांदाच, शरणम्मा ज्वारीची भाकरी थापत बसल्या होत्या.

"कळलं का रं तिला?"

"प्रत्येक थाप कळली, अव्वा."

"मग डोळस हाय." त्यांचा हात परातीवर थांबला. "आत्ताबी मला हालल्यावानी वाटायलंय. जा, बघ. पळू नको, तुझ्याच पायानं हालंल ती."

तो चवड्यांवर गेला, खाली बसला, पाहिलं.

"गप हाय, अव्वा."

"बरं," म्हणत त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.