मासिकाने न छापलेल्या तिघी

बहिणीच्या कळा एकदम थांबल्या. आधी एक मोठी कळ आली, ती किंचाळली, पोटाचा आकार माझ्या हाताखाली बदलला, आणि मग काहीच नाही. तिची सासू हात जोडून म्हणाली, "बघा, सुईनं कसा लगेच आराम पडला पोरीला." डॉक्टर हात धुवायला मोरीकडे गेले. गर्भाची पिशवी फाटली होती. ही शांतता मी नाशिकला तीन वेळा पाहिली होती.

हे इगतपुरीला, बहिणीच्या सासरी, सकाळी आठ-नऊच्या सुमारास घडलं. तिचं हे दुसरं बाळंतपण. आमचे आईवडील नव्हते म्हणून मी महिनाभर आधी तिथं जाऊन राहिले होते. कळा मंद पडल्या तशी तिच्या नवऱ्याने गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पेटीतून कळा वाढवायची सुई काढली. मी म्हणाले, "ही सुई नको."

"का नको?"

"मी नाशिकला प्रसूतिगृहात काम करते. या सुईने बाया गेलेल्या मी पाहिल्यात."

डॉक्टर तरुण होते. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. पेटीतून एक मासिक काढून माझ्यापुढे धरलं. "बाई, तुमच्याच नाशिकचा लेख आहे. वाचता येतं ना? बघा."

वैद्यकीचं मराठी मासिक होतं, आमच्याच शहरात निघणारं. लेख ज्यांनी लिहिला होता ते माझे डॉक्टर, ज्यांच्या प्रसूतिगृहात मी सहा वर्षं राबत होते. खाली तक्ता होता. ज्या बायांना सुई दिली त्यांचं वय, कितवी खेप, आणि शेवटच्या रकान्यात एकेकीपुढे 'सुखरूप घरी'. वरून खालपर्यंत तेच.

तो तक्ता माझ्या वहीतून उचलला होता. वह्या मी लिहीत असे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर चांगलं. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा वारला आणि त्या अक्षरावरच मला ती नोकरी मिळाली. सुईनंतर गेलेल्या त्या तिघी मी वय आणि खेपेवरून तक्त्यात शोधल्या. तिघी होत्या. तिघींपुढेही 'सुखरूप घरी'.

मी वाचत राहिले आणि तेवढ्यात त्या गावातल्या डॉक्टरांनी बहिणीला सुई टोचली. मी हात धरायला हवा होता. धरला नाही. छापलेलं पान हातात असलं की माणूस गप्प होतं, तशी मी गप्प झाले. त्याबद्दल मी आजवर कुणाकडे माफी मागितलेली नाही आणि इथेही मागत नाही. जे झालं ते लिहिते आहे.

बहिणीचा नवरा रेल्वेत होता म्हणून दुपारच्या गाडीत गार्डाच्या डब्यात तिला आडवी टाकून नाशिक रोडला आणता आलं. तिथून टांग्याने सरकारी दवाखान्यात. तिथल्या सर्जनने पोट उघडलं. मूल मेलेलं होतं. पिशवी काढून टाकली. "ताप उतरला तर जगेल," एवढंच सर्जन म्हणाला. ताप उतरेना.

आता त्या वहीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या प्रसूतिगृहात एखादीची आशा सुटली की डॉक्टर नातेवाइकांना सांगत, "घरी न्या. घरचं पाणी तोंडात पडू दे." लोकांनाही तेच हवं असे. परक्या जागी, परक्या खाटेवर मरण कुणालाच नको होतं. ते टांगा आणत, डोली आणत. डॉक्टर मला सांगत, "लिही, घरी गेली." मी लिहीत असे. ते खोटं नव्हतं. बाई खरंच घरी गेलेली असे. एक तर टांग्यातच संपली, तीही मी तशीच लिहिली. 'सुखरूप' मात्र मी कुणापुढेही लिहिलं नव्हतं. तो शब्द डॉक्टरांनी घातला.

बहिणीला दवाखान्यात ठेवून चौथ्या दिवशी मी मासिकाच्या संपादकांकडे गेले. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले वयस्कर डॉक्टर होते. नदीच्या अलीकडे एका माडीवर मासिकाची खोली होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "पुरावा?"

"वही."

"वहीत काय लिहिलंय?"

"घरी गेली."

"कोणाच्या अक्षरात?"

"माझ्या."

"मग तुझ्या वहीवरून डॉक्टर खरे ठरतात, तू नाही."

मला संताप आला, पण म्हातारा बरोबर बोलत होता. मी म्हटलं, "मग वही सोडा. घरं दाखवते. चला."

आणि ते आले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. डोळ्यात मोतीबिंदू, हातात काठी, तरी तिन्ही घरी आले. पहिलं घर तांबटाचं. हंड्यावर ठोके घालता घालताच तो म्हणाला, "सुखरूप? टांगा देवळाच्या चढावर होता तेव्हा तिचा हात माझ्या हातात गार पडला. छापणाऱ्याला सांगा, टांगेवाला अजून आहे, त्याला विचारा." दुसरं घर कल्हईवाल्या मुसलमानाचं. त्याची म्हातारी आई पडद्याआडून बोलली, "बहू घर आई और मगरिब से पहले चली गई. इसमें पूछने का क्या है?" म्हणजे दिवेलागणीच्या नमाजाआधीच सून संपली होती. तिसरं घर सातपूरला, शेतात. तिथला सासरा अंगठा उठवताना मला म्हणाला, "तूच व्हतीस ना वही घेऊन दारात? तवा काय बोलली नाईस."

संपादकांनी तिघांचं म्हणणं लिहून अंगठे घेतले. परत येताना मी विचारलं, "लेख छापण्याआधी तुम्ही तपासला नव्हता?"

ते म्हणाले, "बाकी सगळ्यांचे तपासतो. दोन-दोन जाणत्यांकडे पाठवतो. हे मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा लेख आला तसा छापायला दिला."

मासिक ज्या मंडळाचं, त्याचे अध्यक्ष माझे डॉक्टरच. मासिकाच्या मागच्या पानावर दर महिन्याला त्याच सुईची मोठी जाहिरात असे. ती आणणारेही तेच.

संपादकांनी दुरुस्ती लिहिली. दीड पान. पूर्वीच्या लेखातला तक्ता चुकीचा असून त्यातल्या तीन बाया सुईनंतर पिशवी फाटून त्याच दिवशी दगावल्या, तपासल्याशिवाय लेख छापण्यात संपादकाची चूक झाली, वाचकांनी ही सुई सरसकट वापरू नये, असं साध्या शब्दांत. मला वाचायला लावलं. मला सगळं कळलं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून झाले, एक कच्चा कागदही छापून आला. अंक आठवड्यावर होता. मी दवाखान्यात जाऊन बहिणीच्या कानाशी सांगितलं, "छापून येतंय." तिला ताप होता. ती म्हणाली, "अक्का, पाणी दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या माडीवर असतानाच माझे डॉक्टर आले. छापखान्यातून बातमी गेली असणार. मला पाहून म्हणाले, "तू इथे? रजा संपून आठ दिवस झाले तरी कामावर नाहीस, आणि इथे लेखिका होऊन बसलीस?"

मी उठले नाही. त्यांच्यापुढे पहिल्यांदाच बसून राहिले.

त्यांनी कागद वाचला. संपादकांना म्हणाले, "चौथी पास बाई शास्त्रीय मासिकात माझी चूक काढणार?"

"चूक मी काढतो आहे," संपादक म्हणाले. "ती फक्त खरं सांगते आहे."

"वही माझ्या अक्षरावर चालली तेव्हा नाही विचारलंत चौथी की पाचवी," मी म्हणाले.

"तू गप्प बस."

"सहा वर्षं बसलेच होते."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणला. ओरडणारा माणूस परवडतो. ते म्हणाले, "छापू या ना. पण नीट छापू या. घरी गेल्यानंतर नातेवाइकांच्या हयगयीमुळे काही रुग्ण दगावल्याचं समजतं. झालं. तुमचंही समाधान, मासिकाचीही अब्रू राहिली."

तांबटाची, त्या म्हातारीची, सातपूरच्या सासऱ्याची हयगय! मी तोंड उघडलं, पण संपादकच म्हणाले, "हे मी छापणार नाही."

"मग काहीच छापू नका. मंडळाचा तसा ठराव आणतो संध्याकाळी."

"मग मी राजीनामा देतो."

"द्या," डॉक्टर म्हणाले आणि उठले. संपादकांची काठी दाराशी आडवी पडली होती, ती न उचलता ओलांडून सावकाश जिना उतरून गेले.

संपादक तिथेच कागद ओढून राजीनामा लिहायला लागले. मला वाटलं होतं ते लढतील. मी म्हणाले, "राजीनामा कशाला? खिळे जुळलेले आहेत. आधी छापा, मग द्या राजीनामा."

"ठरावाविरुद्ध छापणं नीतीत बसत नाही. संपादकाला स्वातंत्र्य नसेल तर त्याने खुर्ची सोडावी, हाच मार्ग."

"ठराव अजून झालेला नाही. संध्याकाळी होणार आहे."

"तुला हे कळायचं नाही."

"मला एवढं कळतं, की तुम्ही उठलात तर तुमचे हात स्वच्छ राहतील. सुई टोचणाऱ्याला काय कळणार? त्याच्याकडे तो पहिला अंकच राहणार."

ते लिहीत राहिले. चांगले गृहस्थ होते. तीन घरी काठी टेकत आले होते. पण डॉक्टरांपेक्षाही मला त्या दिवशी त्यांचा जास्त राग आला, आणि तो अजून आहे. डॉक्टर खोटं बोलत होते, त्यांच्याकडून मला आशाच नव्हती. यांना खरं माहीत होतं, यांच्या हातात खिळे होते, एक दुपार होती. ती दुपार त्यांनी स्वतःचा राजीनामा चांगल्या भाषेत लिहिण्यात घालवली. तीन वेळा खोडून पुन्हा लिहिला.

खिळे दुसऱ्या दिवशी मोडले. अंक वेळेवर निघाला. त्या जागी गार पाण्याने आंघोळ करण्याच्या फायद्यांवर लेख होता, आणि शेवटी बारीक अक्षरात, संपादक प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होत असल्याचं निवेदन. मागच्या पानावर सुई होती तशी होती.

कच्चा कागद मात्र मी टेबलावरून उचलून पदराखाली घेतला होता. कुणाला विचारलं नाही. नीतीत बसतं की नाही हेही विचारलं नाही.

तो घेऊन मी इगतपुरीच्या डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यात माणसं बसली होती. सगळ्यांसमोर कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाचता येतं ना? बघा." त्यांनी उभ्या उभ्या वाचला, मग बसून पुन्हा वाचला. कपाटातून त्या सुईची खोकी काढून खाली ठेवली. मासिकाचा तो अंक काढला आणि कागद त्या तक्त्यावर खळीने चिकटवला. म्हणाले, "मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता, बाई."

"हवा होता," मी म्हणाले. "आता या कागदाची नक्कल करू द्या."

प्रसूतिगृह मी सोडलं, की मला काढलं, ते एकाच दिवशी झालं. बहिणीच्या खाटेशेजारी बसून मी ते दीड पान पुन्हा पुन्हा लिहून काढलं. अक्षर चांगलं होतंच. नाशिकमध्ये, नाशिक रोडला, सिन्नरला, ज्या ज्या डॉक्टरांकडे ते मासिक जातं हे मला माहीत होतं, त्यांच्याकडे नक्कल नेऊन दिली. एकाने चहा दिला. एकाने सही कोणाची विचारली, आणि सही नाही म्हटल्यावर कागद परत केला. एकाने कंपाउंडरला सांगून मला ओट्यावरून खाली उतरवलं. त्यांच्यापैकी किती जणांनी सुई थांबवली, मला माहीत नाही. मोजायला माझ्याकडे कुणाची वही नव्हती. मासिकात ती दुरुस्ती कधीच आली नाही. डॉक्टर पुढे बरीच वर्षं अध्यक्ष होते.

बहिणीचा ताप पाचव्या आठवड्यात उतरला. तिला पुन्हा मूल झालं नाही. आधीचा एक मुलगा होता, तो तिने वाढवला. तांबटाची बायको, कल्हईवाल्याची बायको, सातपूरची सून आणि इगतपुरीचं ते मूल, ही चौघं गेली. बहीण वाचली.