फोन सांगायच्या आधी

नवापूरजवळच्या त्या पाड्यावर घरात प्रार्थना भरली की गीतांचे शब्द हन्नाबाईंच्या फोनवरून वाचत. त्यांच्या फोनवरची अक्षरं मोठी होती. त्या रविवारी दुसऱ्या कडव्यावरच जाहिरात उघडली : ‘स्तनात गाठ? आजच तपासा.’

“देवाच्या गाण्यात हे कुठून गं?” शेजारची फुलीबाई हसली. हन्नाबाईंनी फोन पालथा घातला.

गाठ खरी होती, आणि तिच्याविषयी त्यांनी याच फोनवर शोधलं होतं. तपासणीचा रिपोर्ट यायला दोन आठवडे होते, आणि लेक रंजना आठवा महिना लागल्यावर माहेरी आलेली. रिपोर्ट हाती आला की तिला आपणच सांगायचं, तोवर कुणी नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

भाचा दानियल मोबाइल दुरुस्त करायचा; आत्याला तो फुई म्हणे. त्याने नवा ब्राउझर टाकून दिला. “फुई, आता जाहिरात नाही, मागावर कुणी नाही.”

“तू म्हणतोस म्हणून?”

पारखायला म्हणून जुन्या ब्राउझरवर त्यांनी उंटाचं खोगीर शोधलं, नव्यावर पियानो. जिथे जावं तिथे खोगिरांच्या जाहिराती पाठीस लागल्या. आठवडा गेला, पियानो एकदाही दिसला नाही.

“खरा निघालास रे,” त्या म्हणाल्या, आणि निर्धास्तपणे नव्यावर उपचार शोधू लागल्या. एका पानाने फॉर्म पुढे केला : नाव, गाव, आजार, मोबाइल. तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरलेला तो हात; रकाना रिकामा सोडणं त्याला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन रंजनाने उचलला. “हन्नाबाई का? गाठीसाठी आमच्याकडे सवलत...”

रंजना पांढरीफटक पडली. दानियल तिथेच होता. “फुई, कुठे फॉर्म भरला का? ब्राउझर मागावरच्यांना अडवतो. आपण हाताने लिहून दिलेलं कसं अडवणार?”

हन्नाबाईंनी फोन ओढून घेतला. “माझ्या लेकीला सांगायचा हक्क माझा होता. माझं नाव खोडा. खोडलं म्हणा, त्याशिवाय फोन ठेवू देणार नाही.”

पलीकडचा चाचरला. “खोडलं, मॅडम.”

“मला परकी समजलीस?” रंजना ओरडली.

“पोटुशी समजले. गाठ आहे. रिपोर्ट बुधवारी. घाबरायचं तर घाबर, पण आता सगळं माझ्या तोंडून ऐक.”

सगळं ऐकून रंजनाने डोळे पुसले. “बुधवारी मी येणार.”

“एवढं पोट घेऊन? एसटीत दोन जागा लागतील तुला.”

“मग तू उभी राहा.”